पणजोबांच्या मृत्युपत्राचे वारस कोण?

कंपनी सरकारचा एखादा कप्तान बेळगावच्या छावणीत वारला, तर त्याच्यामागे राहिलेल्या चीजवस्तूंची यादी होत असे. घोडा, खोगीर, पलंग, पुस्तके, मद्याच्या बाटल्या असे सारे मोजले जाई, लिलाव होई, कोणी काय किती रुपयांस घेतले ते लिहिले जाई. मृत्युपत्र असल्यास त्याची नोंद होई आणि या कागदांच्या नकला विलायतेस रवाना होत. तो दफ्तरसंभार आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत ‘इंडिया ऑफिस रेकॉर्ड्स’ या नावाने जपलेला आहे आणि त्यातील मृत्युपत्रांचा मोठा भाग २०१४ पासून संगणकावर घरबसल्या वाचता येतो. त्या कप्तानाचा खापरपणतू आज इंग्लंडात बसून आपला पूर्वज बेळगावात काय ठेवून मेला हे वाचू शकतो.

त्याच सुमारास त्याच छावणीपासून दहा-बारा कोसांवर खानापूर तालुक्यात एखादा पाटील, एखादा कुलकर्णी किंवा एखादी निपुत्रिक विधवा आपल्या मिळकतीची व्यवस्था कागदावर उतरवीत होती. तो कागद मोडीत होता. तो कोठे आहे, कोणाच्या ताब्यात आहे आणि त्यात काय लिहिले आहे, हे तिच्या वंशजांपैकी किती जणांस सांगता येईल? राज्य करून गेलेल्यांच्या वारसांना त्यांचे कागद मिळाले आणि राज्य सोसलेल्यांच्या वारसांना आपले कागद वाचताही येत नाहीत, ही स्थिती आम्हांस लाजिरवाणी वाटते. या लेखात आम्ही सरकारला प्रश्न विचारणार आहोतच. परंतु त्याआधी काही प्रश्न आपल्याच लोकांना विचारणे भाग आहे.

सीमाभागात घराण्याचा इतिहास म्हटला की कुलवृत्तान्ताचा जाडजूड ग्रंथ काढून दाखविण्याची आपली रीत आहे. मूळ पुरुष, कुलदैवत, गोत्र, तलवारीची एक गोष्ट, मग नावांची झाडे. आम्हांस या ग्रंथांविषयी अनादर नाही. पुष्कळांनी ते पदरमोड करून, गावोगाव हिंडून सिद्ध केले आहेत. पण कुलवृत्तान्त हे घराण्याने स्वतःविषयी जगाला सांगितलेले निवेदन असते. मृत्युपत्र हे मरणाऱ्या माणसाने आपल्याच माणसांना सांगितलेले असते आणि त्यावर जमीन, दागिने व कर्ज यांचा निकाल लागायचा असतो. कुलवृत्तान्तात ‘निर्वंश’ असा एक शब्द पडतो तेथे मृत्युपत्रात दोन मुली, एक विधवा भावजय आणि सांभाळलेला पोरका भाचा सापडतो. कुलवृत्तान्तात जी बाई कोठेच नाही तिला मृत्युपत्रात राहते घर व सालीना धान्य तोडून दिलेले असते आणि तिचा नावानिशी उल्लेख असतो. खरा वंश कोठे शोधावा, याचे उत्तर एवढ्यावरून मिळावे.

हे आमचे केवळ मत नाही. पुराव्याच्या कायद्याचाही हाच दृष्टिकोन आहे. १८७२ च्या भारतीय पुरावा अधिनियमाच्या कलम ३२ मध्ये आणि त्याची जागा घेणाऱ्या २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २६ मध्ये, मयत व्यक्तींमधील रक्ताचे, विवाहाचे वा दत्तकाचे नाते सिद्ध करण्यासाठी मृत्युपत्र, कुटुंबाच्या व्यवहाराचा दस्त, वंशावळ, एवढेच काय पण थडग्यावरचा लेखही ग्राह्य मानला आहे. अट एकच, आणि आमच्या मते ती सीमाभागाच्या दृष्टीने फार मोलाची आहे: ते कथन वाद उत्पन्न होण्यापूर्वी केलेले असले पाहिजे. वाद उभा राहिल्यावर माणूस सोयीचे बोलतो; त्याआधी तो खरे बोलण्याचा संभव अधिक, असे त्यामागील तत्त्व आहे.

हे तत्त्व आपल्या भाषेच्या प्रश्नास लावून पाहावे. १ नोव्हेंबर १९५६ नंतर आपल्याकडे निघालेला प्रत्येक कागद, प्रत्येक शिरगणती, प्रत्येक ठराव यांवर ‘वादानंतरचा’ असा शिक्का मारणे विरोधकास सोपे जाते. महाजन आयोगापुढे काय मांडले गेले, कोणी कोणते आकडे फुगविले, यांवर अर्धशतकाहून अधिक काळ काथ्याकूट चालली आहे. सर्वोच्च न्यायालयातील दावा २००४ पासून आहे. पण १८९० साली मरणाच्या दारात बसून आपल्या सुनेला पाटल्यांची जोडी कोणाकडे गहाण आहे हे सांगणाऱ्या म्हातारीस १९५६ ठाऊक नव्हते. तिने ज्या भाषेत सांगितले ती कोणाला जिंकण्यासाठी सांगितलेली नाही. असे कागद आपल्या घरांत व कचेऱ्यांत पडून असता आपण सभांमधून त्याच चार आकड्यांची उजळणी करीत राहतो, हे आम्हांस न समजणारे कोडे आहे.

आता हे कागद शोधायचे कोठे, ते सांगतो. पुष्कळ होतकरू मंडळी पुस्तके वाचून ‘प्रोबेट’ शोधावयास निघतात, जिल्हा न्यायालयातून रित्या हाताने परततात आणि ‘आमच्याकडे मृत्युपत्रे करीतच नसत’ असा निष्कर्ष काढतात. हा निष्कर्ष चुकीचा आहे. १८७० चा हिंदू विल्स अॅक्ट बंगालचा काही मुलूख आणि मद्रास व मुंबई ही शहरे एवढ्यांपुरता होता. बेळगाव, धारवाड, कारवार हा मुंबई इलाख्याचा मुफसल प्रदेश. येथील हिंदूंच्या मृत्युपत्रांस लेखी स्वरूपाची व साक्षीदारांची सक्ती १ जानेवारी १९२७ पासून लागू झाली. त्यापूर्वी तोंडी व्यवस्थाही चाले. लेखी असेल तर तिचे नावही एक नसे. मृत्युपत्र, व्यवस्थापत्र, मुसलमानी वळणाने वसियतनामा, अशा अनेक शीर्षकांखाली तीच गोष्ट सापडते. प्रोबेटची सक्ती आपल्या भागास नव्हती. म्हणून मुंबईच्या घराण्याचा माग जेथे लागतो तेथे आपल्या घराण्याचा लागणार नाही.

दुसरे कारण धर्मशास्त्राचे आहे. मिताक्षरा पद्धतीने एकत्र कुटुंबातील अविभक्त हिश्श्याविषयी मृत्युपत्र करण्याचा अधिकार सहदायादास नव्हता. तो १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाने आला. मग पूर्वी मृत्युपत्र करी कोण? विभक्त झालेला, स्वकष्टार्जित मिळकत असलेला, पुत्र नसलेला, दोन बायकांच्या मुलांत तंटा होईल अशी धास्ती असलेला, किंवा स्त्रीधन बाळगणारी बाई. म्हणजे मृत्युपत्रे ही सरळ चाललेल्या घरांपेक्षा अडखळलेल्या घरांची अधिक असतात. उरलेल्या घरांसाठी वाटणीपत्र, दत्तकपत्र, फारकत, बक्षीसपत्र, गहाणखत या दस्तांकडे वळावे लागते. १८२७ च्या मुंबई रेग्युलेशन ८ अन्वये जिल्हा न्यायालये वारसांना दाखले देत; त्या अर्जांत मयताची मिळकत व नातलग यांची माहिती येते. वतनदारांची गोष्ट आणखी वेगळी. १८५२ च्या ११ व्या अधिनियमाने इनाम कमिशनास कायद्याचे बळ मिळाले आणि सनद दाखवा, वंशावळ दाखवा, भोगवटा दाखवा, असा तगादा घरोघर लागला. पुढे १८७४ च्या वतन कायद्यानेही वारसांच्या नोंदी करविल्या. त्या काळचे पुष्कळ दफ्तर पुण्याच्या पुराभिलेखागारात आहे.

या वंशावळी वाचताना सावधगिरी हवी. इनाम जाण्याच्या भयाने लिहिलेल्या वंशावळीत सोयीचा दत्तक दाखविण्याचा आणि गैरसोयीचा भाऊबंद वगळण्याचा मोह असे. कागदावर राज्य कसे जाई याची दोन उदाहरणे आपल्या जिल्ह्यांच्या स्मृतीत ताजी आहेत. १८२४ साली कित्तूरच्या देसायांनी घेतलेला दत्तक आणि त्याविषयीचे पत्र धारवाडच्या कलेक्टर थॅकरेने संशयास्पद ठरविले आणि त्यातून राणी चन्नम्मांचे युद्ध उभे राहिले. नरगुंदच्या भास्करराव भाव्यांना दत्तकाची परवानगी नाकारली गेली. १८५८ च्या उठावानंतर त्यांना बेळगावात फाशी दिले. एक घराणे कानडी, दुसरे मराठी. साहेबाने दोघांनाही एकच प्रश्न विचारला की कागद कोठे आहे, आणि दोघांचाही कागद त्याने आपल्या सोयीने वाचला. या इतिहासाची वाटणी भाषेवरून करता येत नाही, हे आपल्याकडील अतिउत्साही वक्त्यांनी ध्यानी घ्यावे.

आता सर्वांत महत्त्वाचे ठिकाण म्हणजे दस्त नोंदणीची कचेरी. नोंदणीचा सर्वसाधारण कायदा १८६४ साली आला, १८६६, १८७१ व १८७७ मध्ये बदलला आणि १९०८ चा अधिनियम आजही चालू आहे. त्यातील पुस्तक क्रमांक ३ हे मृत्युपत्रांचे व दत्तक घेण्याच्या अधिकारपत्रांचे आहे आणि त्याची स्वतंत्र सूची असते. कलम ५७ असे सांगते की मृत्युपत्र करणारा जिवंत असेपर्यंत त्याची नक्कल त्यालाच किंवा त्याच्या मुखत्याराला मिळेल. तो वारल्यानंतर मात्र जो कोणी अर्ज करील त्याला मिळेल. ‘जो कोणी’ हे शब्द वाचकांनी ध्यानात ठेवावेत. नाते सिद्ध करा, कोर्टाचा हुकूम आणा, कशासाठी पाहिजे ते सांगा, असे खिडकीवर ऐकविले जाते. त्याला कायद्यात आधार नाही. मोहोरबंद लखोट्यात जिल्हा निबंधकाकडे ठेवलेल्या मृत्युपत्रांचीही तरतूद त्याच कायद्यात आहे. ठेवणारा वारल्यावर कोणी अर्ज केला तर लखोटा उघडून त्याची नक्कल पुस्तक ३ मध्ये उतरवायची असते. अर्ज न आल्यास लखोटा बंदच राहतो. कोणाचे पणजोबा अशा लखोट्यात वाट पाहत असतील ते अर्ज केल्याविना कळण्यासारखे नाही.

आमच्या वकिलीत अनेकदा असा अनुभव आला की अर्ज घेतला जातो, शुल्क भरले जाते, वही सापडते आणि मग कारकून म्हणतो, ‘साहेब, हे मोडी आहे, आम्हाला वाचता येत नाही, नक्कल कशी देणार?’ त्या कारकुनावर आमचा राग नाही. त्याला मोडी कोणी शिकविलीच नाही. पण ज्या कचेरीच्या ताब्यात मोडीतील वह्या आहेत तिच्यात मोडी वाचणारा एक माणूस नेमू नये, हा दोष राज्यकर्त्यांचा आहे. नोंदणी अधिनियमाच्या कलम १९ मध्ये जिल्ह्यात ‘सर्वसाधारणपणे वापरली जाणारी भाषा’ असा शब्दप्रयोग आहे. निबंधकास न समजणाऱ्या आणि जिल्ह्यात प्रचलित नसलेल्या भाषेतील दस्त भाषांतरावाचून नोंदता येत नाही. मराठी दस्तांनी वह्याच्या वह्या भरल्या आहेत, याचा अर्थ त्या काळच्या सरकारास मराठी ही या जिल्ह्यात प्रचलित भाषा म्हणून मान्य होती. त्या वह्या ज्या कपाटात आहेत त्याच कपाटासमोर बसून मराठी ही येथली भाषा नव्हे असे सांगणे किती विसंगत आहे, ते वेगळे सांगावयास नको.

येथे एक गोष्ट आमच्याच बाजूच्या लोकांना कठोरपणे सांगितली पाहिजे. मराठीत लिहिलेला दस्त म्हणजे मराठी घर, असे समीकरण कोणी मांडू लागला तर आम्ही त्यास विरोध करू. दफ्तराची भाषा आणि घरची भाषा या एक असतातच असे नाही. दस्ताचा मजकूर लेखकाने, म्हणजे ज्याला जुन्या कागदांत ‘बिकलम’ म्हटले आहे त्याने, आपल्या सरावाच्या भाषेत लिहिलेला असतो. घरचा माणूस बोलतो तो सहीच्या जागी. म्हणून दस्त पाहताना तीन ठिकाणे वेगवेगळी तपासावीत. मजकूर कोणाच्या हातचा आहे. करून देणाऱ्याची सही कोणत्या लिपीत आहे. आणि साक्षीदारांच्या सह्या कोणत्या लिपीत आहेत. मजकूर मोडीत आणि सही कानडीत, असे दस्त असतात. ते दाखवावेत. कानडी सही लपविणारा मराठीचा पुरस्कर्ता ठरत नाही, तो पुराव्याशी छेडछाड करणारा ठरतो. आणि ज्यांना लिहिता येत नव्हते त्यांची निशाणी असते. कुणब्याचा नांगर, व्यापाऱ्याचा तराजू, बाईची बांगडी. ती निशाणी भाषा सांगत नाही, पण धंदा, दर्जा आणि कुटुंबात मिळकत कोणाच्या नावे होती हे सांगते.

मजकुरातही भाषेचे थर असतात. शेताच्या चतुःसीमा सांगताना मराठी वाक्यात परड्याला ‘हित्तल’ म्हणणारा माणूस आपल्याला भेटतो. तो शब्द कानडीतून आला आणि बेळगावच्या मराठीत घरचा झाला. कायदेशीर शब्द पाहावेत तर मिळकत, मुखत्यार, फारकत हे फारसी-अरबीतून आलेले, त्यावर संस्कृत ‘दत्तविधान’ आणि शेवटी इंग्रजी ‘रजिस्टर’. भाषाशास्त्राच्या अभ्यासकास यासारखी सामग्री दुसरी नाही, कारण दस्तावर साल असते, गाव असते आणि बोलणाऱ्याचे नाव असते. सीमाभागाची मराठी ही अशुद्ध मराठी, असे पुण्या-मुंबईच्या ज्या विद्वानांना वाटते त्यांनी हे दस्त वाचावेत. येथील मराठी ही शेजाऱ्यांशी व्यवहार करीत वाढलेली मराठी आहे आणि तिचा ताळेबंद वारसाच्या कागदांत जसाच्या तसा आहे.

मोडीची अडचण खरी आहे, परंतु ती डोंगराएवढी नाही. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद बहुधा पाळलेला नसतो आणि शब्द तोडलेले नसतात. तरी ठराविक मायन्याचे दस्त वाचण्यापुरती ती चिकाटीने काही महिन्यांत येते. सालाचा घोळ होतो म्हणून ढोबळ नियम सांगतो. शकात ७८, फसलीत ५९० आणि सुहूर सनात ५९९ मिळविले असता इसवी सन येतो. महिन्यानुसार एखाद्या वर्षाचा फरक पडतो. २०१४ पासून मोडीला युनिकोडमध्येही स्थान आहे. महाराष्ट्राचे पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग चालविते. तेव्हा ‘वाचता येत नाही’ ही सबब कारकुनाने सांगितली तर एक वेळ समजू. आपल्या सुशिक्षित तरुणांनी सांगू नये. इंग्रजीची परीक्षा देण्यासाठी वर्षानुवर्षे खपणाऱ्याला पणजोबांचे एक पान वाचण्यासाठी काही महिने जड का व्हावेत?

लिपीबरोबर नावेही हरवतात. मोडीतून बालबोधीत, बालबोधीतून कन्नडमध्ये, कन्नडमधून इंग्रजीत अशी नावांची तीन स्थित्यंतरे होतात आणि प्रत्येक टप्प्यावर एखादे अक्षर झडते. शेवटी नातू पणजोबांचा नातलग आहे हे सिद्ध करण्यासाठी ‘ही एकच व्यक्ती’ असे प्रतिज्ञापत्र करावे लागते. वंशवृक्षाचा दाखला मागणाऱ्या माणसाला संगणकावरील कन्नड उतारा दाखविला जातो. त्यामागील जुनी मराठी नोंद कोणी पाहत नाही. हा प्रश्न अस्मितेचा असेल तेव्हा असो, रोजच्या व्यवहारात तो जमिनीचा आहे. आजीच्या माहेरचा हिस्सा बुडाला, तो बहुतेक वेळा लबाडीने नव्हे तर कागद न वाचल्याने बुडाला, असे आमचे निरीक्षण आहे.

सीमाभागाबाहेरील मराठी बांधवांची स्थिती निराळी वाटली तरी दुखणे तेच आहे. गोव्यात १८६७ ची पोर्तुगीज दिवाणी संहिता लागू होती. नोतारीपुढे केलेले मृत्युपत्र आणि मृत्यूनंतरची ‘इन्व्हेंतारियो’ यांत मिळकतीची व वारसांची तपशीलवार यादी असते. नव्या काबिजादींतील हिंदूंच्या रूढींसाठी १८५३ ची आणि पुढे गोव्यातील हिंदूंसाठी १८८० ची स्वतंत्र तरतूद होती. पण तेथे भिंत पोर्तुगीजची आहे. हैदराबादकडील घराण्यांची विरासतीची प्रकरणे उर्दूत आहेत. १९५२ च्या अतियात कायद्याखालील चौकशांत इनामदारांच्या वारसांचे वाद आहेत. बडोदे, ग्वाल्हेर, इंदूर येथे संस्थानी दफ्तरांतील मोडी आहे आणि ते वाचणाऱ्यांची पिढी सरली आहे. प्रत्येक ठिकाणी वारस मराठी, कागद उपलब्ध आणि मध्ये न येणारी लिपी वा भाषा. खुद्द आमच्या जिल्ह्याचे उदाहरण घ्यावे. चंदगड तालुका १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होता, पुढे तो कोल्हापूरकडे गेला. सीमेच्या दोन बाजूंस विभागलेल्या एकाच घराण्याला अर्धे कागद एका राज्यात आणि अर्धे दुसऱ्या राज्यात शोधावे लागतात.

यावर काही आक्षेप येतात. पहिला असा की जुने उकरून भाऊबंदकी वाढेल. आमचे उत्तर असे की भाऊबंदकी अंधारात अधिक वाढते. बहुतेक जुन्या हक्कांची मुदत केव्हाच संपली आहे. कागद वाचल्याने कोणाची जमीन जात नाही, गैरसमज मात्र जातात. दुसरा आक्षेप बोलून दाखविला जात नाही, पण तो अधिक खोल आहे. कागदांत घराण्याचा कमीपणा निघेल, ही ती भीती. निघेल, यात शंका नाही. कुणबिणींचा उल्लेख निघेल, लेकीला काहीही न देता भावाच्या मुलास दत्तक घेतल्याचे निघेल, विधवेला ‘केशवपन करून घरी राहील तोवर’ अन्नवस्त्र अशा अटी निघतील. ते आपल्याच घरात घडले आहे. ज्याला पूर्वजांची इनामाची सनद आपली वाटते त्याने ही अटही आपली म्हणून वाचली पाहिजे.

तिसरा आक्षेप आम्हांस सर्वांत रास्त वाटतो. मिळकत असलेल्यांचाच इतिहास मृत्युपत्रांत सापडणार, बिनजमिनीच्यांचे काय? याचे उत्तर अर्धेच देता येते. महार वतनाच्या नोंदी, बलुतेदारांचे हक्क, गहाणखतांतील कुळांची नावे आणि श्रीमंतांच्या मृत्युपत्रांतील देण्याघेण्याच्या याद्या यांत ही माणसे सापडतात. मात्र दुसऱ्याच्या कागदात, दुसऱ्याच्या शब्दांत. म्हणूनच वतनांच्या नोंदी विशेष जपल्या पाहिजेत. १९६१ च्या कायद्याने कर्नाटकात ग्रामवतने संपली आणि त्या नोंदी निरुपयोगी ठरवून टाकण्याची वृत्ती बळावली. देशपांड्यांच्या घरचे कागद देशपांडे सांभाळतील. महार वतनाच्या वारसांची नोंद सरकारी दप्तराखेरीज अन्यत्र क्वचितच आढळेल. ती गेली तर त्या घराचा लेखी भूतकाळ बव्हंशी गेला.

आता मागण्या. पहिली मागणी कर्नाटक शासनाकडे: सीमाभागातील नोंदणी कचेऱ्यांतील पुस्तक ३ ची जुनी सूची छायांकित करून खुली करावी, आणि बेळगाव, कारवार व बिदर या प्रत्येक जिल्ह्यात एक अधिकृत मोडी वाचक नेमावा. ही मराठीची मेहेरबानी होणार नाही. याच वह्यांत कानडी घराण्यांचेही पूर्वज आहेत आणि मोडीत अडकलेले ते कागद त्यांनाही वाचता येत नाहीत. संविधानाच्या अनुच्छेद २९ ने आपली भाषा व लिपी जतन करण्याचा हक्क दिला आहे; त्यात ‘लिपी’ हा शब्द स्पष्टपणे लिहिलेला आहे. दुसरी मागणी महाराष्ट्र शासनाकडे: सीमाभागाविषयी दरवर्षी नवे भाषण करण्यापेक्षा पुण्याच्या व कोल्हापूरच्या दफ्तरांतील आपल्या जिल्ह्यांच्या रुमालांची गाववार यादी छापून द्यावी. भाषणाच्या मंडपाच्या खर्चात तिची सुरुवात तरी होईल.

तिसरी मागणी आपल्या स्वतःकडे आहे आणि ती कोणत्याही सरकारवर ढकलता येणार नाही. नोंदणीच्या वहीत असते ती कारकुनाने उतरविलेली नक्कल. मूळ दस्त घरी परत दिला जात असे. ती खरी सही, ती निशाणी, तो साक्षीदारांचा हात आपल्या पेटीत आहे. तीस वर्षांहून जुना दस्त ‘योग्य ताब्यातून’ पुढे आला तर त्याच्या खरेपणाविषयी न्यायालय अनुमान करू शकते. २०२३ च्या अधिनियमाच्या कलम ९२ मध्ये ते तत्त्व कायम आहे. म्हणून जुने कागद रद्दीवाल्यास, मूर्तींच्या व्यापाऱ्यास किंवा ‘संशोधन करतो’ म्हणून नेणाऱ्या अनोळखी गृहस्थास मुळीच देऊ नयेत. प्रत्येक पानाचे दोन्ही बाजूंनी छायाचित्र घ्यावे, कोणत्या पेटीतून, कोणाच्या ताब्यातून निघाला ते त्याच दिवशी लिहून ठेवावे. चिकटपट्टी लावू नये, प्लास्टिकात गुंडाळू नये. आणि घरात जी वडीलधारी मंडळी आहेत त्यांना आधी नावे विचारावीत, कागद नंतर वाचावा; कारण नावे ठाऊक असल्याखेरीज मोडी उलगडत नाही.

प्रत्येक गावात पाच घरांनी एवढे केले तरी सीमाभागाचा जो इतिहास तयार होईल तो कोणत्याही आयोगाच्या अहवालापेक्षा बळकट असेल. त्यात मराठीच्या बाजूचे पुरावे असतील, कानडीच्या बाजूचेही असतील आणि दोन्ही भाषा एकाच घरात नांदल्याचे पुरावे सर्वांत अधिक असतील, अशी आमची अटकळ आहे. तसे निघाले तर आमची बाजू लंगडी पडणार नाही. मराठी येथे बाहेरून आली, असे म्हणणाऱ्यास तेवढेच उत्तर पुरेसे आहे.

वारसाहक्काच्या प्रत्येक दाव्याला मुदत असते. या दाव्याची मुदत कायद्याने ठरविलेली नाही. ती वाळवी, ओल आणि मोडी जाणणाऱ्या शेवटच्या वृद्धांचे आयुष्य यांनी ठरविली आहे. वाचकांनी ही दिवाळी येण्यापूर्वी माळ्यावरची पेटी खाली काढावी आणि आपल्या तालुक्याच्या नोंदणी कचेरीत एक अर्ज द्यावा. अर्ज नाकारला गेल्यास नाकारल्याचे कारण लेखी मागावे व तो कागद जपून ठेवावा. पुढच्या पिढीला तोही पुरावा लागेल.